कठोर वेच्यांचे वाचन

पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे केडगावी बायबलच्या मराठी भाषांतरात घालविली. अल्पशिक्षित स्त्रियांनाही कळेल अशी सोपी भाषा त्यांना हवी होती. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या आणि १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रवचनकार आपल्याला रुचतील तेवढे उतारे निवडू शकतो. समग्र ग्रंथाच्या भाषांतरकाराला ती सवलत नसते. यरीहो नगर पडल्यावर आबालवृद्ध स्त्रीपुरुषांची आणि गुरामेंढरांचीही कत्तल झाली, हे वाक्य मराठीत आणावेच लागते. दुष्काळातून वाचविलेल्या मुली जेथे वाढत होत्या, त्याच आश्रमात हे काम चालले होते.

अशा ठिकाणी हिब्रूत बहुधा ‘हेरेम’ हा शब्द येतो. एखादी वस्तू देवाला इतकी संपूर्ण वाहणे की माणसाने तिचा उपभोग घेऊ नये, असा त्याचा आशय आहे. युद्धात मात्र त्याचा अर्थ सर्वसंहार असा होतो. ‘अर्पण’ म्हणावे तर रक्त झाकले जाते, ‘संहार’ म्हणावे तर त्यातील धर्मविधी हरवतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात शौल राजा अमालेक्यांच्या राजाला व उत्तम जनावरांना जिवंत ठेवतो, आणि त्याच अपराधासाठी त्याचे राज्य जाते.

ही प्रथा एकट्या इस्राएलची नव्हती. १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधील धिबान येथे मवाबचा राजा मेशा याचा इ. स. पू. नवव्या शतकातील शिलालेख सापडला. नबो हे इस्राएली गाव आपण देवतेला वाहिले आणि तेथील सात हजार जणांना ठार केले, असे मेशा याच क्रियापदाने अभिमानपूर्वक सांगतो. पुढे कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात यरीहोचे उत्खनन केले, तेव्हा यहोशवाच्या म्हणून दाखविल्या जाणाऱ्या भिंती त्याच्या कित्येक शतके आधीच्या ठरल्या. यामुळे काही वाचकांना हायसे वाटते. पण ते पुरेसे नाही. कत्तल झाली नसेल, तरी ती गौरवाने सांगावीशी वाटली, हे उरतेच. तिसऱ्या शतकातील ओरिगेनने असे शत्रू म्हणजे मनातील विकार, असा अर्थ लावला. तो सुंदर आहे, पण त्यात मेलेल्यांना जागा नाही.

मराठी वाचकाला हा पेच अपरिचित नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) खांडववनाच्या दाहाकडे रूपकाचा आडोसा न घेता पाहिले.

बायबलमध्येही असा प्रश्न विचारणारे आवाज आहेत. येहूने इज्रेल येथे अहाबाच्या घराण्याचा नायनाट केला, त्याबद्दल राजांच्या दुसऱ्या पुस्तकात देव त्याची प्रशंसा करतो. सुमारे शंभर वर्षांनी होशेय संदेष्टा त्याच इज्रेलच्या रक्तपाताचे शासन येहूच्या घराण्याला होईल, असे देवाच्याच नावाने सांगतो. संकलकांनी दोन्ही निवाडे ग्रंथात राहू दिले. क्रमाने वाचणाऱ्याला मात्र पहिल्यावरून दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास बरीच पाने उलटावी लागतात.