हॅम्स्टर, चाक आणि चेंडू

आपल्याकडील मोठ्या शहरांत पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून हॅम्स्टर नावाचा एक छोटा, गुबगुबीत, आखूड शेपटीचा प्राणी विकायला ठेवलेला दिसतो. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला हा जीव म्हणजे उंदराचा नातलगच. त्याच्याबरोबर पुष्कळदा पारदर्शक प्लॅस्टिकचा एक पोकळ चेंडूही विकला जातो. चेंडूला झाकण असते आणि हवेसाठी अरुंद फटी ठेवलेल्या असतात. हॅम्स्टरला आत सोडून झाकण लावले की तो धावू लागतो आणि चेंडू घरभर गडगडत फिरतो. पाहणाऱ्यांची चांगलीच करमणूक होते.

ही करमणूक हॅम्स्टरचीही होते का? आणि हा चेंडू त्याच्यासाठी सुरक्षित आहे का? पहिला प्रश्न अवघड आहे, कारण प्राण्याच्या मनात शिरून पाहता येत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे तसे नाही. वेग, बल, उष्णता आणि वर्तुळाची भूमिती या गोष्टी तुम्ही शाळेत शिकला आहात. तेवढ्या सामग्रीवर आपण बरेच पुढे जाऊ शकतो. म्हणून आधी दुसरा प्रश्न घेऊ, मग पहिल्याकडे वळू.

हा प्राणी आला कोठून?

दुकानात सर्वांत जास्त दिसणारा हॅम्स्टर म्हणजे सोनेरी किंवा सीरियन हॅम्स्टर. वॉटरहाऊस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८३९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. पुढे १९३० साली इस्राएल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातील अलेप्पो शहराजवळ एक मादी व तिची पिल्ले जमिनीखालच्या बिळातून मिळवली. ती जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात नेण्यात आली. आज जगभर घरांत व प्रयोगशाळांत असलेले बहुतेक सोनेरी हॅम्स्टर या एका कुटुंबाचे वंशज आहेत.

उत्तर सीरिया व दक्षिण तुर्कस्तानातील शेतांमध्ये हा प्राणी आजही रानटी स्थितीत आढळतो. त्याची बिळे सरासरी ६५ सेंटिमीटर खोल असतात. तो एकटा राहतो, गालांच्या पिशव्यांत धान्य भरून बिळात साठवतो. त्याची नजर अधू असते. जग ओळखण्यासाठी तो नाक, कान आणि मिशा यांवर विसंबतो. पाळीव हॅम्स्टर मुख्यतः रात्री जागा असतो आणि एका रात्रीत काही किलोमीटर सहज धावतो. तेव्हा त्याला धावायला मिळाले पाहिजे, याबद्दल वाद नाही. ते कशात मिळावे, एवढाच प्रश्न आहे.

चाक आणि चेंडू यांत फरक काय?

पिंजऱ्यात बसवण्याचे फिरते चाक तुम्ही पाहिले असेल. त्याचा आस पक्का असतो. हॅम्स्टर धावतो, चाक फिरते, पण हॅम्स्टर आहे तेथेच राहतो. थांबावेसे वाटले की तो पाय रोवतो, एक-दोन झोके घेतो आणि खाली उतरतो.

चेंडूला असा आस नाही. तो जमिनीवर एकाच बिंदूत टेकलेला असतो. हॅम्स्टर आतल्या भिंतीवर किंचित पुढे चढला की त्याचे वजन या टेकणबिंदूच्या पुढे येते आणि चेंडू पुढे गडगडतो. गुळगुळीत फरशीवर घर्षणाचा विरोध फारच थोडा असल्याने एवढे पुरते.

आता हॅम्स्टर एकाएकी थांबला तर? चेंडूला वेग आलेला आहे. जडत्वामुळे तो गडगडतच राहतो. गडगडणाऱ्या चेंडूची मागची बाजू वर जात असते, म्हणून पाय रोवलेला हॅम्स्टर मागच्या भिंतीबरोबर वर उचलला जातो आणि मग घसरून खाली येतो. त्याचे वजन मागे गेल्याने चेंडू मंदावतो खरा, पण मागेपुढे हेलकावे खाऊनच स्थिर होतो. सपाट जमिनीवरचा चेंडू उदासीन समतोलात असतो, म्हणजे जरा ढकलला तरी तो नव्या जागी जातो आणि मूळ जागी परतत नाही. आतल्या प्राण्याने कूस बदलली तरी त्याच्या पायाखालची जमीन हलते. चाकात थांबणे हॅम्स्टरच्या हाती असते, चेंडूत ते पूर्णपणे त्याच्या हाती राहत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा.

धडकेचे गणित

चेंडू सेकंदाला १ मीटर वेगाने जात आहे असे समजू. हा आपल्या सावकाश चालण्याचा वेग झाला. चेंडू भिंतीवर आपटून थांबला तरी आतला हॅम्स्टर त्याच वेगाने पुढे जातो आणि प्लॅस्टिकवर आदळतो. बसने अचानक ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे झुकतात, तसेच हे.

हा धक्का केवढा? वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले गुरुत्वत्वरण, या सूत्राने पाहिले तर ५ सेंटिमीटर उंचीवरून पडण्याइतका. हॅम्स्टर १ सेंटिमीटर अंतरात थांबला असे धरले, तर त्याचे ऋण त्वरण दर सेकंदास दर सेकंदाला ५० मीटर येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे पाचपट. १२० ग्रॅमच्या हॅम्स्टरला क्षणभर ६०० ग्रॅम वजनाच्या रेट्याएवढे बल सोसावे लागते. अशा एका धक्क्याने त्याचे हाड मोडेल असे नव्हे. पण खोलीत भिंती, खुर्च्या, टेबलाचे पाय असतात, आणि धक्का बसणार हे त्याला आधी कळत नाही. अंधुक दिसणारा आणि मिशांनी वाट चाचपणारा हा प्राणी आहे. चेंडूत त्याच्या मिशांना फक्त प्लॅस्टिक लागते.

खरा धोका जिन्याचा. एक पायरी १८ सेंटिमीटर उंच धरली, तर तीवरून पडताना मिळणारी ऊर्जा वरच्या धडकेच्या साडेतीनपट होते. दहा पायऱ्यांवर असे धक्के एकामागून एक बसतात, शिवाय प्राणी आत उलटापालटा होत असतो. उघड्या जमिनीवरचा हॅम्स्टर पायरीच्या कडेशी येऊन थांबू शकतो. चेंडूतला थांबू पाहील, पण चेंडू त्याला पुढे नेईल.

पाठीचा कणा आणि वर्तुळाची जीवा

आता थोडी भूमिती. धावताना हॅम्स्टरच्या पुढच्या व मागच्या पायांत ८ सेंटिमीटर अंतर आहे असे समजा. चेंडूच्या आत ही वर्तुळाची जीवा झाली. जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतची खोली जितकी जास्त, तितकी त्याच्या पायाखालची जमीन वाकडी आणि तितकी पाठ मागे वाकवून त्याला धावावे लागणार. एकमेकींना छेदणाऱ्या जीवांचे प्रमेय वापरून ही खोली काढता येते. व्यास १३ सेंटिमीटर असेल तर ती सुमारे १.४ सेंटिमीटर येते, १८ असेल तर ०.९ आणि २८ असेल तर जेमतेम ०.६. कंपासने तीन वर्तुळे काढा आणि पट्टीने मोजून खात्री करून घ्या.

छोट्या चेंडूंत वाक किती वाढतो हे यावरून दिसते. चाकही गोलच असते, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे, पण चाकाची धाव एकाच दिशेत वाकलेली असते. आडव्या दिशेत ती सपाट असते. चेंडू दोन्ही दिशांनी वाकलेला, त्यामुळे चारही पाय मध्याकडे घसरत राहतात. प्लॅस्टिक गुळगुळीत, आणि हवेच्या फटींत बोटे किंवा नखे अडकण्याची भीती. चेंडू फिरत असताना अडकलेले बोट वेळेवर निघेलच असे नाही.

हवा आणि उष्णता

चेंडूत प्राणी गुदमरतो का? हिशेब करून पाहू. १८ सेंटिमीटर व्यासाच्या चेंडूचे घनफळ सुमारे ३ लिटर असते. त्यातल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे सुमारे ६३० मिलिलिटर. धावणारा हॅम्स्टर २ वॉट दराने ऊर्जा खर्च करतो असे धरले, तर त्याला मिनिटाला सुमारे ६ मिलिलिटर ऑक्सिजन लागेल. चेंडूला एकही फट नसती तर वीस मिनिटांत १२० मिलिलिटर ऑक्सिजन संपून त्याचे प्रमाण १७ टक्क्यांवर आले असते आणि कार्बन डायॉक्साइड बराच साठला असता. पण फटी असतात व चेंडू हलत असतो, त्यामुळे गुदमरण्याचा धोका फार मोठा नाही.

उष्णतेची गोष्ट वेगळी आहे. ३ लिटर हवेचे वस्तुमान जेमतेम साडेतीन ग्रॅम. तेवढी हवा एक अंश तापवायला साडेतीन ज्यूल पुरतात, आणि आतल्या प्राण्याच्या अंगातून दर सेकंदाला एक-दोन ज्यूल उष्णता बाहेर पडत असते. ती फटींतून व प्लॅस्टिकमधून निघून जाते, पण प्लॅस्टिक उष्णतेचे मंदवाहक आहे. श्वासाने आतली आर्द्रताही वाढते. आपल्यासारखा सर्वांगाला घाम येऊन गार होण्याची सोय हॅम्स्टरला नाही. त्यात चेंडू खिडकीतल्या उन्हात गेला तर पारदर्शक भिंतींमुळे तो काचेच्या बंद मोटारीसारखा तापतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. तेव्हा पिंजऱ्यातला हॅम्स्टर सावलीच्या कोपऱ्यात जाऊन पडतो, पाणी पितो. चेंडूत सावली नाही आणि पाणीही नाही.

धावतो, म्हणजे खुशीत असतो?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. चेंडूचे समर्थक म्हणतात, “त्याला आवडत नसते तर तो धावला कशाला असता?” युक्तिवाद सरळ वाटतो, पण त्यात एक खोट आहे. आनंदाने प्राणी धावतो. घाबरलेला, सुटू पाहणाराही धावतो. नुसत्या धावण्यावरून या दोहोंत फरक करता येत नाही. फरक करायचा तर प्राण्याला निवड दिली पाहिजे: त्याला आत जाता यावे, बाहेर पडता यावे, आणि मग तो काय करतो ते आपण पाहावे.

चाकाच्या बाबतीत असा प्रयोग झालेला आहे. नेदरलँड्समधील लायडेन येथील मायर व रॉबर्स या शास्त्रज्ञांनी उघड्या रानात फिरती चाके ठेवून त्यांवर कॅमेरे लावले. त्यांचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. रानटी उंदीर आपणहून येत, चाकात धावत आणि निघून जात. कोणी त्यांना कोंडले नव्हते. चाकात धावणे हा केवळ पिंजऱ्यातल्या कंटाळ्याचा परिणाम नाही, हे त्यातून दिसले. प्रयोग उंदरांवरचा होता हे खरे, पण प्रश्न विचारण्याची रीत पाहा. दार उघडे होते, म्हणूनच त्या धावण्याला अर्थ होता.

चेंडूच्या बाबतीत ही परीक्षा होऊच शकत नाही. झाकण आपण लावतो, वेळ आपण ठरवतो, आणि पुष्कळदा दिवसा, म्हणजे त्याच्या झोपेच्या वेळी, त्याला आत घालतो. आतून ते झाकण त्याला उघडता येत नाही.

मग काय करावे?

चेंडूत घातलेला प्रत्येक हॅम्स्टर जखमी होतो असे नाही. मोठा चेंडू, सपाट व थंड खोली, जिन्यापुढे अडसर आणि दहा-पंधरा मिनिटांची मर्यादा, एवढी काळजी घेतली तर धोका कमी होतो. पण कडेशी थांबणे, वास घेणे, लपणे आणि बाहेर पडणे या चार गोष्टी कितीही काळजी घेतली तरी चेंडूत मिळत नाहीत. म्हणून चेंडू हॅम्स्टरला योग्य नाही, असेच उत्तर द्यावे लागते. परदेशातील पशुवैद्यही आता तो न वापरण्याचा सल्ला देऊ लागले आहेत.

त्याऐवजी सोनेरी हॅम्स्टरला सुमारे २८ सेंटिमीटर व्यासाचे, सलग पृष्ठभागाचे चाक द्यावे. गजांच्या चाकात पाय अडकतात. बीळ करता येईल असा भुशाचा किंवा कागदाच्या कपट्यांचा जाड थर पिंजऱ्यात असावा. मोकळे फिरवायचे तर पुठ्ठ्याचे उंच कुंपण करून जमिनीवर सोडावे आणि स्वतः जवळ बसावे.

करून पाहा

धडकेचा प्रयोग प्राण्यावर मुळीच करू नका. एक पारदर्शक गोल बरणी घ्या, आत लिंबू ठेवून झाकण लावा आणि ती आडवी करून भिंतीकडे हळूच गडगडत सोडा. बरणी थांबल्यावर लिंबू काय करते ते पाहा.

ज्यांच्या घरी हॅम्स्टर व चाक आहे त्यांनी चाकावर एक छोटा लोहचुंबक चिकटवावा आणि सायकलला लावतात तसला फेरे मोजणारा मीटर शेजारी बांधावा. वायर मात्र पिंजऱ्याबाहेर ठेवा, नाहीतर ती कुरतडली जाईल. २८ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे ८८ सेंटिमीटर. पाच हजार फेरे झाले तर अंतर ४.४ किलोमीटर भरेल. महिनाभर रोज सकाळी आकडा टिपून आलेख काढा. उकाड्याच्या रात्री तो कमी धावतो का? अमावास्या-पौर्णिमेने काही फरक पडतो का? चाकाचे दार उघडे आहे, तेव्हा तुमच्या आलेखावरचा प्रत्येक बिंदू हा त्याने स्वतः दिलेला जबाब असेल.