मार्तंडाचा खंडा : सूर्य, सैनिक आणि तळी

चंपाषष्ठीला आमच्या नौपाड्यातल्या घरी तळी भरतात. ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, नाणे आणि भंडारा. पाच पुरुषांनी ते उचलायचे आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणायचे, ही घरची रीत. लहानपणी मला ती आरोळी पूजेपेक्षा लढाईचीच वाटे. पुढे खंडोबाविषयी वाचू लागलो तेव्हा कळले, की तो समज फारसा चुकीचा नव्हता.

‘येळकोट’ची व्युत्पत्ती कानडीतून सांगतात : ‘एळु’ म्हणजे सात, म्हणून सात कोटी. कर्नाटकातल्या मैलारला भक्त आजही ‘एळुकोटी’चाच गजर करतात. मणी आणि मल्ल या दैत्यांवर चालून जाताना देवाबरोबर सात कोटींची सेना होती, अशी कथा आहे. म्हणजे तळी उचलताना आपण नकळत त्या सैन्याची मोजदादच पुकारतो.

या युद्धासाठी शंकराने घेतलेले रूप मार्तंडभैरवाचे. ‘मार्तंड’ हे सूर्याचे नाव; ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तो अदितीचा आठवा पुत्र म्हणून येतो. त्यात रविवार हा खंडोबाचा वार, अंगावर हळदीचा पिवळा भंडारा, बसायला घोडा. इतके जुळल्यावर ‘खंडोबा म्हणजे मुळात सूर्यच’ असे म्हणण्याचा मोह होतो. मीही काही वर्षे तसे ठासून सांगत असे.

आता ते मला पटत नाही. खंडोबा सूर्यच असता, तर त्याचा मोठा दिवस रथसप्तमी असायला हवा होता. प्रत्यक्षात जेजुरीत गर्दी लोटते ती चंपाषष्ठीला आणि सोमवती अमावास्येला. अमावास्या आणि तीही सोमवारची, म्हणजे दोन्हीकडून चंद्राचीच बाजू! रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांनी हे दैवत अनेक थरांचे असल्याचे दाखवले आहे. सूर्य हा त्यांतला एक थर.

मग सैनिकांनी हा थर का जपला? याचे उत्तर मला ऋतूत सापडते. पावसाळ्यात नद्या भरलेल्या, वाटा चिखलाच्या, फौज छावणीत नाहीतर शेतात. आश्विनात आभाळ मोकळे होते, नद्यांना उतार मिळतो, वैरण आणि धान्य हाती येते. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघण्याची मराठ्यांची चाल यातूनच रुजली. सूर्य दिसू लागणे म्हणजे स्वारीची वेळ होणे. जेजुरीत दसऱ्याच्या रात्री गडावरची आणि कडेपठारची पालखी डोंगरदरीत भेटतात. त्यानंतर सुमारे ४२ किलो वजनाचा खंडा एका हाताने तोलून धरण्याची स्पर्धा होते. पेशवाईतल्या पानसे सरदारांनी अर्पण केलेले हे शस्त्र आज बळाची कसोटी म्हणून उचलले जाते.

खंडोबा होळकरांचे कुलदैवत. मल्हारराव होळकरांचे (१६९३–१७६६) नावच त्याचे. इंदूरच्या टांकसाळीचे नाव मल्हारनगर, आणि तिथल्या रुपयावर सूर्याचे मुख. मात्र त्या मुखाला थेट मार्तंड म्हणण्याआधी थांबावे. सूर्य हे राजचिन्ह मेवाडच्या राण्यांनीही मिरवले आहे, आणि तिथे खंडोबाचा संबंध नाही.

माझ्या मते सैनिकी जीवनाचा खरा ठसा नाण्यापेक्षा शपथेत आहे. बेल शंकराचा, भंडारा खंडोबाचा. बेलभंडार उचलून दिलेले वचन मोडायचे नाही, हा मराठी माणसाचा रिवाज. जिथे पगार थकत आणि निष्ठा बदलत, तिथे चिमूटभर हळद माणसांना एकमेकांशी बांधून ठेवी. सूर्याला अर्घ्य एकटा माणूस देऊ शकतो. तळीला मात्र सोबती लागतात.

हे मला उशिरा कळले आणि तेही घरीच. गेल्या चंपाषष्ठीला आम्ही चारच पुरुष होतो. भावाची मुले परगावी, शेजारी कामावर. तळी न भरता नुसता नैवेद्य दाखवावा, असे ठरत होते. तेवढ्यात मुलगी ताम्हनाशी येऊन बसली. आईने क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि तिच्या कपाळाला भंडारा लावला. पाचवा हात लागला, तळी उचलली गेली. मग नेहमीप्रमाणे वांग्याचे भरीत आणि बाजरीचे रोडगे वाढले.