संख्याशास्त्राचा बागुलबुवा

पोरगी संख्याशास्त्राला घाबरते म्हटले, की घरात निकाल ठरलेला: 'गणितात कच्ची!' मी मराठीचा मास्तर. पण मुळशी तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात या विषयाचे रडगाणे मुले माझ्याच टेबलाशी गातात. मराठीच्या मास्तराची भीती कोणाला वाटणार?

ही भीती मोजण्याची पट्टी १९८५ साली क्रूझ, कॅश आणि बोल्टन यांनी तयार केली. तिच्या सहा भागांत परीक्षेची धास्ती आहेच. पण मदत मागण्याची भीती आणि शिक्षकाची भीती यांनाही वेगळे रकाने आहेत! पुढच्या अभ्यासांत दिसले, की मुळात चिंताळू, चालढकल करणारी आणि सारे बिनचूकच हवे असा हट्ट धरणारी मुले अधिक घाबरतात. म्हणजे घरातला निकाल लंगडाच.

मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी विषय सोडायचा अर्ज घेऊन आली. अक्षर मोत्यासारखे, वहीत खाडाखोड नाही. उत्तर चुकले की पानच फाडायची. शंका मात्र विचारायची नाही, सर काय म्हणतील! अशा मुलीला 'आणखी अभ्यास कर' सांगणे म्हणजे आगीत तेल.

प्रमाण विचलन मला कुठले शिकवता येणार? मी तिला पुण्याच्या दांडेकर-रथांच्या १९७१ सालच्या गरिबीवरील अभ्यासाविषयी सांगितले. माणशी रोज २२५० उष्मांकांचे अन्न मिळण्याइतका खर्च कितीजणांना झेपतो, हे त्यांनी आकड्यांतूनच शोधले. ती बराच वेळ गप्प होती.

दोन दिवसांनी संख्याशास्त्राच्या सरांच्या खोलीबाहेर उभी दिसली. हातात शंकेचा कागद. तोही सुवाच्य अक्षरात, समास सोडून!