रिमोटची गाडी: आधी टायर, मग मोटर

खारघरहून बोलतेय. मुलं रिमोटच्या छोट्या गाड्यांची शर्यत लावतात आणि घरी हट्ट धरतात, ‘मोठी मोटर हवी!’ गटात कर्ज देताना आपण विचारतो, ‘कशासाठी?’ इथेही तेच विचारा.

शर्यत वळणावर जिंकतात. टायर घसरत असतील, तर जास्त ताकदीने गाडी नुसती गिरकी घेते. म्हणून आधी पकड घेणारे टायर लावा, चाकांत अडकलेले केस आणि धूळ काढा. मग पिनियन, म्हणजे मोटरवरचं छोटं दातेरी चाक. त्याचा एखादा दात वाढवला की वेग वाढतो, पण मोटरही जास्त तापते. फार तापली तर दात कमी करा. एका वेळी एकच बदल करा आणि फेरीची वेळ वहीत लिहा.

सर्वात महत्त्वाची बॅटरी. लिथियम पॉलिमर बॅटरीचा सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. त्यापुढे चार्ज झाला, तर पेट घेऊ शकतो. चार्जर त्याच बॅटरीसाठीचा हवा. गादीवर किंवा रात्री झोपताना चार्जिंग नको. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरूच नका.

आणि हो, पाना-पेचकस लेकीच्याही हाती द्या!