बंदर आणि भुसावळ

भुसावळ मुंबईच्या समुद्रापासून रेल्वेने सुमारे पावणेतीनशे मैल दूर. तरीही बंदराशी या गावाचा संबंध जुना आहे. १९१२ साली पंजाब मेल सुरू झाली, ती बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून. विलायतेच्या आगबोटीतून उतरलेले उतारू तेथेच गाडीत बसत व भुसावळमार्गे थेट पेशावरपर्यंत जात. १९१४ पासून ती बोरीबंदराहून सुटू लागली.

तुर्कस्तानातील कुशादासी येथे आजही पर्यटकांच्या आगबोटी लागतात. पुष्कळांस ओढ असते ती जवळच्या एफिससच्या अवशेषांची. एफिसस एके काळी स्वतःच मोठे बंदर होते. परंतु नदीच्या गाळाने समुद्र दूर सारला आणि नगर ओस पडले.

पुढे पाणी व मागे वाट, ही दोन्ही खुली असतील तोवरच बंदर जगते. भुसावळसारखी जंक्शने म्हणजे त्या वाटेचे राखणदारच होत.