निळा पडदा आणि खरा आरोपी

आमच्या धाकट्या सूनबाई आपल्या प्रबंधाचीं प्रकरणें मार्गदर्शकांकडे पाठवीत असतां संगणकाचा पडदा एकाएकीं निळा झाला, आणि जतन करावयाचीं राहिलेलीं अकरा पानें गेलीं. त्या आठवड्यांतली ही तिसरी खेप. वडील मंडळींनीं विषाणूचा संशय घेतला; मुलांनीं, यंत्रच जुनें झालें, नवें घ्या, असा सोपा निकाल दिला. सूनबाई मात्र म्हणाल्या, "नुसतें लिहीत असतां असें कधीं होत नाहीं. वाय-फायवरून मोठी फाइल जाऊं लागली कीं होतें." निम्में निदान या दोन वाक्यांतच झालें होतें.

पडद्यावर अक्षरें होतीं, ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. यंत्राच्या एकेका अवयवाशीं ऑपरेटिंग सिस्टिमचें बोलणें घडवून आणणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. साधा प्रोग्रॅम कोसळला तर बहुधा तो एकटाच कोसळतो. परंतु नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यांत, म्हणजे कर्नलमध्यें, वावरतो. ओसरीवरच्या पाहुण्याची चूक ओसरीवरच राहते. माजघराच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्याची चूक सगळ्या घराला भोंवते. माहितीचें पुडकें आलें कीं कार्ड हांक मारतें, आणि ड्रायव्हरला इतर कामें थोपवून तें तत्काळ उरकावें लागतें. त्या घाईंत, डिस्कवर हलविलेली मेमरी परत येईपर्यंत थांबण्याची सोय नसते. ड्रायव्हरनें अशा वेळीं तिला, किंवा भलत्याच पत्त्याला, हात घातला तर पुढील नासाडी टळावी म्हणून कर्नल सारें कामच थांबवितो. वॉशिंग्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं २००३ सालीं दिलेल्या आंकड्याप्रमाणें विंडोज एक्सपीच्या तेव्हां नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकीं ८५ टक्के ड्रायव्हरांमुळें झालेले होते.

मात्र पडद्यावर ‘नेटिओ’ किंवा ‘एनडीआयएस’ हें नांव दिसलें म्हणून त्यासच दोषी धरूं नये. हे विंडोजचेच भाग. जाळ्यावरील सारी ये-जा त्यांच्या हातून होते, आणि दुसऱ्यानें फोडलेलें मडकें पुष्कळदां त्यांच्याच हातांत सांपडतें. २००८ च्या सप्टेंबरांत लिनक्सच्या २.६.२७ या येऊं घातलेल्या आवृत्तीनें इंटेलचीं कांहीं नेटवर्क कार्डें निकामी केलीं. त्यांच्या कायम स्मृतींतला मजकूरच बिघडे. सारा संशय ‘ई१०००ई’ या ड्रायव्हरवर होता. ऑक्टोबरांत उलगडा झाला तेव्हां अपराधी निघाला ‘एफट्रेस’, म्हणजे कर्नलचें काम न्याहाळणारा, सर्वस्वीं वेगळा भाग! मोकळी झालेली मेमरी अजून पूर्वीचीच आहे असें समजून तो तेथें लिही, आणि त्या पत्त्यावर आतां कार्डाची स्मृति येऊन बसलेली असे.

घरच्या घरीं प्रथम यंत्र नेटवर्कशिवाय सेफ मोडमध्यें चालवून पाहावें. तेथें तें स्थिर राहिलें तर संशय बळावतो. मग डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर न्यावा, किंवा यंत्र बनविणाऱ्या कंपनीकडून योग्य तो घ्यावा. एका वेळीं एकच बदल करावा. आमच्या मुलांनीं तीन एकदम केले आणि कशानें काय झालें हें कोणासच कळेना. ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ हें विंडोज २००० पासूनचें साधन मुद्दाम ताण देऊन यंत्र पाडतें. कामाच्या प्रती अन्यत्र ठेवल्याविना त्याच्या वाटेस जाऊं नये.

आम्हीं वाय-फायचा ड्रायव्हर मागें नेला. दुसऱ्या दिवशीं पुन्हां निळा पडदा! अखेर पुतण्यानें मिनीडंप फोल्डरमधील नोंद ‘विनडीबीजी’नें उघडली. ‘नेटिओ’च्या शेजारीं तिसरेंच एक नांव होतें: त्यानेंच गेल्या महिन्यांत कचेरीच्या कामासाठीं घातलेल्या आणि विसरलेल्या व्हीपीएनचें. तें तो कांहींसा ओशाळून काढूं लागला. त्याच रात्रीं प्रकरणें निर्विघ्न गेलीं. हरवलेलीं अकरा पानें मात्र सूनबाईंना पुन्हां लिहावीं लागलीं.