पाचवा सामना

१५ मे २०२२ रोजी बँकॉकच्या इम्पॅक्ट अरीनामध्ये थॉमस कपची अंतिम लढत सुरू झाली, तेव्हा भारताच्या यादीत पाचव्या सामन्यासमोर एच. एस. प्रणॉयचं नाव होतं. मलेशियाविरुद्धची उपान्त्यपूर्व लढत आणि डेन्मार्कविरुद्धची उपान्त्य लढत, दोन्ही २-२ अशा बरोबरीत येऊन अडकल्या होत्या आणि दोन्ही वेळा शेवटचा सामना जिंकून प्रणॉयनं संघाला पुढे नेलं होतं. अंतिम लढतीत मात्र त्याला कोर्टवर उतरावंच लागलं नाही. चौदा वेळा हा करंडक जिंकलेल्या आणि गतविजेत्या असलेल्या इंडोनेशियाला भारतानं पहिल्या तीन सामन्यांतच ३-० असं हरवलं. त्या दिवशी एकही गुण न खेळलेल्या प्रणॉयचा त्या करंडकावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. थॉमस कप हा काय प्रकार आहे, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

बॅडमिंटन एरवी एकेकट्याचा किंवा जोडीचा खेळ. ऑल इंग्लंड असो, जागतिक अजिंक्यपद असो की ऑलिंपिक, तिथे विजेत्या म्हणून एक-दोनच नावं नोंदली जातात. थॉमस कपमध्ये देश देशाशी खेळतो. एका लढतीत पाच सामने असतात, तीन एकेरीचे आणि दोन दुहेरीचे, आणि ज्याचे तीन आधी त्याची सरशी. साधारणपणे पहिली एकेरी, पहिली दुहेरी, दुसरी एकेरी, दुसरी दुहेरी आणि शेवटी तिसरी एकेरी असा क्रम असतो. कोण कुठल्या क्रमांकावर खेळणार हे जागतिक क्रमवारीवरून ठरतं, त्यामुळे आपला हुकमी खेळाडू मागे ठेवून समोरच्याचा कच्चा गडी टिपण्याची सोय नाही. जगातला अव्वल एकेरीपटू तुमच्या संघात असला तरी त्याच्या एकेरीचा एकच सामना तुमच्या खात्यात पडतो. उरलेले दोन कुठून आणायचे, या प्रश्नापाशी भारतीय बॅडमिंटन सत्तर वर्षं अडलेलं होतं.

हा करंडक देणारे सर जॉर्ज थॉमस स्वतः फार मोठे खेळाडू होते. ऑल इंग्लंड स्पर्धेची एकवीस विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. १९२० ते १९२३ अशी सलग चार वर्षं त्यांनी पुरुष एकेरी जिंकली, पण त्यांची बाकीची बहुतेक विजेतेपदं दुहेरी आणि मिश्र दुहेरीतली आहेत. बुद्धिबळातही त्यांचा दबदबा होता. १९३४-३५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी कापाब्लांका आणि बोत्विनिक या दोघांनाही हरवलं. त्यांतला एक माजी जगज्जेता, दुसरा पुढे होणारा. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ स्थापन झाला, त्याचे ते पहिले अध्यक्ष. टेनिसमधल्या डेव्हिस कपसारखी सांघिक स्पर्धा बॅडमिंटनलाही हवी, म्हणून १९३९ मध्ये त्यांनी करंडक देऊ केला. अठ्ठावीस इंच उंचीचा तो करंडक घडवून झाला, पण तोवर महायुद्ध पेटलं होतं. पहिली स्पर्धा व्हायला १९४८-४९ चा हंगाम उजाडला.

त्या काळी एका लढतीत पाच एकेरी आणि चार दुहेरी असे नऊ सामने दोन दिवसांत खेळले जात. पहिल्याच स्पर्धेत या करंडकाचा स्वभाव दिसून आला. अमेरिकेकडे डेव्ह फ्रीमन होता, त्या वेळचा बहुधा जगातला सर्वोत्तम एकेरीपटू. ग्लासगोत मलायाविरुद्ध त्यानं वाँग पेंग सूनसारख्या दिग्गजाला हरवलं, तरी अमेरिका लढत ३-६ अशी हरली. मलायाकडे खेळाडूंची फळी होती आणि दुहेरीच्या भक्कम जोड्या होत्या. त्यांनी प्रेस्टनमधल्या अंतिम लढतीत डेन्मार्कला ८-१ असं हरवून करंडक नेला आणि १९५२ व १९५५ मध्येही तो हातचा जाऊ दिला नाही. १९५८ मध्ये पहिल्यांदाच उतरलेल्या इंडोनेशियानं तो हिरावला. १९८४ पासून लढती पाच सामन्यांच्या झाल्या आणि स्पर्धा दर दोन वर्षांनी होऊ लागली. २०१४ मध्ये जपाननं आणि २०१६ मध्ये डेन्मार्कनं प्रथमच विजेतेपद मिळवलं, तोपर्यंत हा करंडक इंडोनेशिया, चीन आणि मलेशिया (आधीचा मलाया) या तिघांबाहेर कधी गेलाच नव्हता.

आणि भारत?

या खेळाच्या जन्मकथेत आपलं नाव ठळक आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी तो इतक्या हौसेनं खेळत की काही काळ खेळाचं नावच ‘पूना’ पडलं होतं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीत सांगलीत जन्मलेला नंदू नाटेकर हा खेळाडू महाराष्ट्रानं दिला. १९५४ मध्ये त्यानं ऑल इंग्लंडची उपान्त्यपूर्व फेरी गाठली. १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारा तो पहिला भारतीय बॅडमिंटनपटू ठरला, आणि १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले तेव्हा बॅडमिंटनचा पहिला मान त्याचाच होता. त्याच्या हातातल्या नजाकतीबद्दल जुने लोक अजूनही भरभरून बोलतात. पण थॉमस कपमधली त्याची आकडेवारी अधिक बोलकी आहे. १९५१ ते १९६३ या काळात तो या स्पर्धेत एकेरीचे सोळा सामने खेळला आणि त्यांतले बारा जिंकला. दुहेरीच्याही सोळा सामन्यांना तो उतरला, त्यांत विजय आठ. चारपैकी तीन आणि दोनपैकी एक. भारताची ताकद कुठे होती आणि उणीव कुठे, ते या दोन आकड्यांतच आहे.

त्या वर्षांत, १९५२ आणि १९५५ मध्ये, भारत उपान्त्य टप्प्यापर्यंत गेला. पुढे १९७९ मध्ये प्रकाश पदुकोणच्या काळात पुन्हा एकदा. जाकार्तात डेन्मार्कनं वाट अडवली. दुसऱ्याच वर्षी, १९८० मध्ये, प्रकाशनं लीम स्वी किंगला १५-३, १५-१० असं हरवून ऑल इंग्लंड जिंकली. २००१ मध्ये पुलेला गोपीचंदनं तीच स्पर्धा जिंकली. ही शिखरं खरोखरच उंच होती, पण एकेकटी उभी होती. प्रकाश लढतीत आपला वाटा उचलत असे. त्याच्यामागे तिसरा एकेरीपटू कोण आणि दुहेरीच्या दोन जोड्या कोणत्या, याचं पक्कं उत्तर तेव्हा संघाकडे नसे.

दुहेरीकडे आपल्याकडे दुय्यम नजरेनं पाहिलं गेलं, हे स्पष्टपणे मांडायला हवं. एकेरीत पुढे जाता आलं नाही तर दुहेरीत वळायचं, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तरीही मधूनमधून चमक दिसत होती. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत मुंबईच्या प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा या जोडीनं कांस्यपदक मिळवलं. २०११ मध्ये ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य जिंकलं, आणि दुहेरीला दुय्यम वागणूक मिळते ही तक्रार ज्वालानं जाहीरपणे अनेकदा केली. पदकं मिळाली, पण दुहेरीपटू घडवण्याची सलग व्यवस्था उभी राहिली नाही.

ती हळूहळू उभी राहू लागली ती मलेशियन प्रशिक्षक तान किम हर भारतात आल्यावर. त्यांनी दोन तरुण पोरांची जोडी लावली. चिराग शेट्टी मुंबईचा, स्वतः भारताकडून खेळलेल्या उदय पवार यांच्या हाताखाली गोरेगाव स्पोर्ट्स क्लबमध्ये तयार झालेला. सात्विकसाईराज रंकीरेड्डी आंध्रातल्या अमलापुरमचा. दोघंही उंच, दोघंही कोर्टच्या मागच्या भागातून स्मॅश मारणारे. दुहेरीच्या रूढ हिशेबात एकानं नेटजवळ राहायचं आणि दुसऱ्यानं मागून हल्ला करायचा, त्यामुळे दोन मारणारे एकत्र कशाला, अशी शंका कुणालाही आली असती. भाषेचीही अडचण होती: चिरागला तेलुगू येत नव्हतं आणि सात्विकचं हिंदी तेव्हा बेताचं होतं. चिरागनं नेटजवळचा खेळ आपलासा केला, सात्विकनं मागची बाजू सांभाळली, आणि २०१९ मध्ये थायलंड ओपन जिंकून ही जोडी जगाच्या नजरेत भरली. पुढे त्यांना शिकवायला आला मथियास बो. हा डॅनिश दुहेरीपटू २०१६ च्या त्या विजेत्या डेन्मार्क संघातला. त्या वर्षीच्या अंतिम लढतीत बोची जोडी हरली होती आणि २-२ अशा स्थितीत हान्स-क्रिस्टियन विटिंगहुसनं पाचवा सामना जिंकून करंडक मिळवून दिला होता. लढत शेवटपर्यंत कशी ताणली जाते, हे त्यानं स्वतः सोसलेलं होतं.

अशा तयारीनं दहा जणांचा संघ बँकॉकला पोचला. लक्ष्य सेन, किदंबी श्रीकांत, प्रणॉय आणि प्रियांशू राजावत हे एकेरीपटू. दुहेरीसाठी सात्विक-चिराग, ध्रुव कपिला, एम. आर. अर्जुन, कृष्णप्रसाद गरगा आणि विष्णुवर्धन गौड पंजाला. व्यवस्थापक विमलकुमार, दोन वेळचे राष्ट्रीय विजेते. गटसाखळीत जर्मनी आणि कॅनडाला ५-० असं हरवलं, पण चिनी तैपेईविरुद्ध २-३ अशी हार झाली. पोचल्याबरोबर अन्नबाधेनं आजारी पडलेला लक्ष्य अजून अशक्त होता.

मलेशियाविरुद्ध तो ली झी जियाकडून २१-२३, ९-२१ असा हरला. सात्विक-चिरागनं बरोबरी साधली, श्रीकांतनं आघाडी मिळवून दिली, दुसरी दुहेरी गेली. प्रणॉयनं लिओंग जुन हाओला २१-१३, २१-८ असं साफ हरवलं. उपान्त्य लढतीत डेन्मार्कचा व्हिक्टर ॲक्सेलसन, जगातला अव्वल खेळाडू, लक्ष्यला सरळ दोन गेममध्ये भारी पडला. ॲक्सेलसनचा तो एक गुण. त्यानंतर किम आस्ट्रुप आणि मथियास क्रिस्टियनसेन यांच्याविरुद्ध सात्विक-चिरागनं २१-१८, २१-२३, २२-२० असा सामना ओढून आणला. श्रीकांतनं अँडर्स अँटोनसेनला तीन गेममध्ये नमवलं. दुसरी दुहेरी पुन्हा हातची गेली.

आता प्रणॉय आणि रास्मुस गेम्के. पहिल्याच गेममध्ये पुढे झेपावताना प्रणॉय घसरला आणि घोटा दुखावला. गेम १३-२१ असा गेला. उपचार घेऊन तो परत उभा राहिला तेव्हा त्याच्या हालचालीत दुखणं दिसत होतं. मग तो असा काही खेळला की गेम्केला श्वास घ्यायला उसंत मिळेना: २१-९, २१-१२. जागतिक क्रमवारीत तेव्हा त्याचं स्थान विसाच्या पलीकडे होतं आणि मोठ्या विजेतेपदानं त्याला वर्षानुवर्षं हुलकावणी दिली होती. भारतीय बॅडमिंटनमध्ये यापेक्षा धीराचा सामना फार थोड्यांनी खेळला असेल. भारत पहिल्यांदा अंतिम लढतीत पोचला.

अंतिम लढतीत लक्ष्य पहिला गेम अँथनी गिंटिंगकडून ८-२१ असा हरला. मलेशिया आणि डेन्मार्कविरुद्ध पहिली एकेरी हरलेल्या वीस वर्षांच्या मुलाचा धीर इथे सुटायला हवा होता. त्यानं पुढचे दोन गेम २१-१७, २१-१६ असे जिंकले. दुहेरीत समोर मोहम्मद अहसान आणि केविन संजया सुकामुल्यो. दोन वेगवेगळ्या नामांकित जोड्यांमधले हे दोघे मुरलेले खेळाडू इंडोनेशियानं एकत्र आणले होते. पहिला गेम गेल्यावर दुसऱ्यात सात्विक-चिरागनं चार मॅचपॉइंट वाचवले आणि सामना १८-२१, २३-२१, २१-१९ असा फिरवला. माझ्या मते करंडक जिंकला गेला तो इथे. तो सामना गेला असता तर लढत १-१ झाली असती आणि इंडोनेशियाची दुसरी जोडी आपल्यापेक्षा कितीतरी सरस होती. श्रीकांतनं मग जोनाथन क्रिस्टीला २१-१५, २३-२१ असं हरवलं. स्पर्धेतले आपले सहाच्या सहा सामने त्यानं जिंकले. भारत हा करंडक मिळवणारा सहावा देश ठरला.

नंदू नाटेकर हे पाहायला नव्हते. जुलै २०२१ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं, बँकॉकच्या दहा महिने आधी.

या विजयानं सात्विक-चिरागची वाट मोकळी झाली. २०२३ मध्ये त्यांनी आशियाई अजिंक्यपद, इंडोनेशिया ओपन आणि हांगझोऊ आशियाई खेळांचं सुवर्ण मिळवलं, आणि ही जोडी क्रमवारीत जगात पहिली आली. पण संघाची जुनी उणीव त्याच हांगझोऊत पुन्हा उघडी पडली. सांघिक अंतिम लढतीत चीनविरुद्ध भारत २-० असा पुढे होता. पाठीच्या दुखण्यामुळे प्रणॉय खेळू शकला नाही. श्रीकांत हरला, दुसरी दुहेरी गेली, पाचवा सामनाही गेला. रौप्यपदक हीसुद्धा तोवरची सर्वोत्तम कामगिरी होती, तरी सुवर्ण हातातोंडाशी आलं होतं. २०२४ च्या थॉमस कपमध्ये चेंगदूला चीननंच उपान्त्यपूर्व फेरीत भारताला ३-१ असं रोखलं. तिथेही दुसरी दुहेरी गमावली होती.

बँकॉकमध्येही कृष्णप्रसाद आणि विष्णुवर्धन ही जोडी मलेशिया आणि डेन्मार्कविरुद्ध हरली, हे विसरता कामा नये. तुलनेनं अननुभवी जोडीकडून दुसरी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं होतं. दोष त्या दोघांचा नाही. आपल्या गावोगावच्या क्लबांत संध्याकाळी मोठी माणसं दुहेरी खेळतात, कारण कोर्ट कमी आणि खेळणारे जास्त. प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांना मात्र सगळे एकेरीच्याच वाटेला लावतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलांतून जोड्या निवडून त्यांना दुहेरीपटू म्हणूनच वाढवणाऱ्या अकादम्या जिल्ह्याजिल्ह्यात निघाल्या, तर चौथ्या सामन्याला उतरणारी भरवशाची जोडी दहा वर्षांत मिळू शकते. राज्य संघटनांनी आणि पालकांनी हे मनावर घ्यावं. आणि वाचकांनी पुढच्या थॉमस कपला एवढं करावं: आपली नामांकित मंडळी खेळून झाली म्हणून टीव्ही बंद करू नये. दुसरी दुहेरी आणि तिसरी एकेरी नक्की बघावी. लढत बहुतेक वेळा तिथेच ठरते.